विहिरीच्या भिंतीचे घनफळ

विषय इतिहास असला, तरी आपल्या निवासी शाळेत रात्रीच्या अभ्यासिकेत आम्हांला गणितही घ्यावे लागे. ‘पोकळ वृत्तचिती’ आली की मुले हमखास घसरत. बाह्य त्रिज्येतून आंतर त्रिज्या आधी वजा करीत आणि मग वर्ग करीत. फळ्यावर कितीही सांगितले तरी ही खोड जाईना. म्हणून नृसिंहवाडीच्या एका सहलीत, कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहून परतताना, शेतातल्या एका जुन्या बांधीव विहिरीवर आम्ही मुलांना थांबवले.

टेप लावला. आतला व्यास ३ मीटर, भिंतीची जाडी अर्धा मीटर. खोली मालकाने सांगितली, ७ मीटर. मुलांच्या रीतीने दगडकाम ५.५ घनमीटर भरले. मग २ चा वर्ग वजा १.५ चा वर्ग, म्हणजे १.७५, त्यास २२/७ ने व खोलीने गुणले, तर ३८.५. बरोबर सातपट! कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा म्हटले, भिंत मनातल्या मनात उभी चिरून सरळ उलगडा. आतल्या व बाहेरच्या परिघांची सरासरी ११ मीटर, जाडी अर्धा, उंची ७. उत्तर तेच.

विहीर गोलच का, हेही तिथेच उमगले. ओल्या काळ्या मातीचा दाब चहूबाजूंनी येतो. सरळ भिंत आत फुगेल, कड्यातले चिरे मात्र एकमेकांना अधिकच घट्ट धरतात.

एवढ्यात एका मुलीने विचारले, “सर, एवढा दगड फोडला कुणी?” काळा दगड घनमीटरला अडीच टनांहून जड, म्हणजे शंभर टनांच्या घरातले ओझे. हा प्रश्न आमच्या विषयाचा होता. दगड फोडणाऱ्या, गाळ उपसणाऱ्या हातांना काठावर मज्जाव, ही गावोगावची रीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांना १९१९ साली हुकूम काढावा लागला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांना ओंजळ भरून दाखवावी लागली.

दिवाळीच्या सुटीत मुलांना काम दिले : गावातली जुनी विहीर मोजा, भिंतीचे घनफळ काढा आणि आपली माणसे पूर्वी पाणी कुठून भरीत, ते आजीला विचारून लिहा. घनफळ बहुतेकांचे बरोबर आले. आजीची उत्तरे काहींनी पानभर लिहिली. एकाने फक्त ‘ओढा’ एवढेच लिहिले होते. त्या वह्या अजून आमच्या कपाटात आहेत. माजी विद्यार्थ्यांनी मेळाव्याला आल्यावर आपापली ओळखून न्यावी.