कुंभार्ली घाटातला अर्धा तास

गेल्या वैशाखात चिपळूणला बहिणीकडचे लग्न आटोपून आम्ही दुपारीच कऱ्हाडकडे निघालो. गाडी पुतण्याची, चालवणारा तोच. मागे सौभाग्यवती आणि आंब्याच्या चार पेट्या. शिरगाव, पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाटाची चढण लागली. करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडलेल्या होत्या. खाली वाशिष्ठीचे खोरे. देशावरचे कोयनेचे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरते आणि वीज करून याच वाशिष्ठीला मिळते. ते मी मोठ्या हौसेने सांगत होतो, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पुढून वाफ येते आहे!"

उष्णतेचा काटा केव्हाच लाल खुणेवर गेला होता. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. पुतण्या पंचा घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे धावला. वळणावर एक ट्रक उभा होता. त्याचा म्हातारा ड्रायव्हर ओरडला, "ए पोरा, हात मागं घे!" जवळ येऊन त्याने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली. "असंच झाकण उघडलं होतं बघ, तुझ्याच वयात."

घरातल्या बायांना हे लगेच कळेल. वाफ न जिरवता प्रेशर कुकरचे झाकण काढावे, तसलाच हा प्रकार. बंद रेडिएटरमध्ये दाब असतो, म्हणून आतले पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण निघाले की दाब जातो आणि पाणी एकदम उसळून अंगावर येते.

मग काय, बसलो करवंदे खात. अर्ध्या तासाने ड्रायव्हरने वरची रबरी नळी दाबून पाहिली. ती मऊ लागली, तेव्हा जाड फडके टाकून झाकण थोडेसेच फिरवले, उरलेली हवा फुसकन जाऊ दिली आणि मग काढले. टाकीत पाणी जवळजवळ नव्हतेच. आमचे पिण्याचे पाणी त्याने थोडे थोडे, दमादमाने ओतले. तापल्या इंजिनात गार पाण्याची बादली रिकामी केली तर हेडला तडा जातो, आणि त्या खर्चात एखादी बरी दुभती शेळी येईल. "आता हळू चला, काट्यावर नजर ठेवा," म्हणाला. दोन डझन आंबे मोठ्या मिनतवारीने घेतले त्याने.

हेळवाक, कोयनानगर करीत पाटण गाठले. तिथल्या मिस्त्रीने रेडिएटर उतरवला. बाहेरच्या जाळीत मळणीच्या वेळचा भुसा गच्च बसलेला, आत चुन्याचे पांढरे थर. दोन वर्षे पुतण्या विहिरीचेच पाणी भरीत होता. मला बोलायला तोंड नव्हते. क्षाराच्या पाण्याने ठिबकच्या नळ्या तुंबतात, हे गावोगाव सांगत हिंडणारा कृषी विस्तार अधिकारी मी, आणि घरच्या गाडीचे बॉनेट कधी उघडून पाहिले नव्हते. ट्रॅक्टरचीही हीच गत असते. मळणी झाली की जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर, पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिच्या पातळ पट्ट्या वाकतात.

मिस्त्रीने निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर भरले. तयार मिश्रणाचा डबा आणलात तर त्यात आणखी पाणी घालायचे नसते. कूलंट कोणते आणि किती दिवसांनी बदलायचे, ते गाडीच्या पुस्तिकेत असते. नुसत्या रंगावर जाऊ नये. पाण्याची पातळी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. पट्टा सैल झाला असेल किंवा नळीला भेगा असतील, तर तेही तेव्हाच दिसते.

भरताना थोडे कूलंट खाली सांडले. मिस्त्रीने हातातले काम टाकून त्यावर माती पसरली आणि ती सगळी खरवडून उचलली. हे गोडसर लागते, जनावर चाटते आणि मरते, असे त्याने सांगितले. गॅरेजच्या दारातच त्याची शेळी बांधलेली होती.