तासाभराचा उशीर

हळदीचा हंगाम आणि मुलांची सुट्टी एकाच वेळी येते, ही सांगलीच्या व्यापारी घरांची जुनी अडचण. फेब्रुवारीपासून नवी हळद बाजारात उतरू लागते आणि पुढचे काही महिने सौद्यांना उसंत नसते. अण्णांनी पेढीवर ४४ वर्षे काढली. या दिवसांत त्यांनी कधी गाव सोडल्याचे कोणालाही आठवत नाही. म्हणूनच वयाच्या ७२व्या वर्षी, ऐन मार्चमध्ये, मुलगा, सून आणि दोन नातवंडांसह आपण अमेरिकेत फिनिक्सहून सहलीस निघालो आहोत, याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटत होते. पेढी आता पुतण्या पाहत होता. पत्नीला जाऊन वर्ष झाले होते. मुलाच्या आग्रहाला नकार देण्यास यंदा कारण उरले नव्हते.

तिकडे शाळांना मार्चच्या सुमारास वसंताची आठवडाभर सुट्टी मिळते. मुलाने मार्ग आखला होता: आधी ग्रँड कॅन्यन, मग पेज हे गाव आणि शेवटी शेजारच्या युटा राज्यातील ब्राइस कॅन्यन. चौदा वर्षांच्या नातीला निसर्गाची छायाचित्रे काढण्याचा नाद. फिनिक्स सोडताच रस्त्याकडेची झुडपे पिवळ्या फुलांनी भरलेली दिसली आणि तिने गाडी थांबवायला लावली. पुढे चढण लागली. हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखे सग्वारो निवडुंग मागे पडले आणि २,१०० मीटर उंचीवरील फ्लॅगस्टाफला पोहोचेपर्यंत दुतर्फा पाइनची उंच झाडे आली. तेवढ्या अंतरात नातीचे दोनशे फोटो झाले होते.

"एवढा माल साठवणार कुठे?" अण्णांनी विचारले. त्यांच्या तरुणपणी घरात अग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. लग्नाकार्यात तो बाहेर निघे आणि प्रत्येक फोटो हिशोबाने काढला जाई.

ग्रँड कॅन्यनच्या काठावर मात्र अण्णा गप्प झाले. दीड किलोमीटरहून खोल दरी. तिच्या भिंतीवर थरांवर थर. मुलाने सांगितले, की वरचा थर सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, तर तळाचे काळे खडक १७० कोटींहून जुने. अण्णांना हरिपूरची पेवे आठवली. कृष्णाकाठच्या त्या मातीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडले तरी कोणी लगेच आत उतरत नसे. आतली कोंदट हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागे. २००५च्या महापुरात त्यांतली कितीतरी पेवे गेली. "माती सगळं सांभाळते," ते नातीला म्हणाले, "पण उघडायची घाई करायची नसते."

दुसऱ्या सायंकाळी पेजजवळच्या हॉर्सशू बेंडला सगळे गेले. तेथे कोलोरॅडो नदी घोड्याच्या नालाच्या आकाराचे वळण घेते. काठ पाण्यापासून सुमारे ३०० मीटर उंच. अण्णांचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हायचे असते, म्हणून सुनेने गाडीतच डबा उघडला. त्या वेळी मुलाने ॲन्सेल ॲडम्स या छायाचित्रकाराची हकिकत सांगितली. १९४१ साली न्यू मेक्सिकोतील एका खेड्यावर चंद्र उगवलेला पाहून त्यांनी घाईने कॅमेरा उभारला. प्रकाश मोजण्याचे यंत्र सापडेना. चंद्राचे तेज त्यांना आकड्यांत ठाऊक होते. त्यावरून मनातल्या मनात हिशोब करून त्यांनी एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत ऊन सरले होते. "हा माणूस पेढीवर चालला असता," अण्णा म्हणाले.

तिसरा मुक्काम ब्राइसजवळ. तेथील सूर्योदय हा साऱ्या सहलीचा कळस ठरणार होता. मुलगा मोबाइलमध्ये गजर लावू लागला, तेव्हा अण्णांनी त्याला थांबवले. "सहाला मी उठवतो. सौद्याला मी कधी उशिरा गेलेलो नाही."

अण्णांनी सांगितल्याप्रमाणे, मनगटावरच्या एचएमटीत बरोबर सहा वाजता दार वाजवले. मुलाने जाड पडदा सरकवला आणि बाहेर लख्ख उजाडलेले दिसले. ॲरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करत नाहीत, युटात करतात. मोबाइलने सीमा ओलांडताच आपली वेळ बदलली होती. किल्लीच्या घड्याळाला ते कोण सांगणार? सात वाजून गेले होते.

गाडीत कोणी बोलले नाही. कड्यावर पोहोचले तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. समोर नारिंगी दगडाचे हजारो सुळके उभे होते. भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठते, फुगते आणि खडक फोडते; वर्षातल्या निम्म्याहून अधिक रात्री हे काम चालते. त्यातून घडलेली ही रांग. नात धावत पुढे गेली आणि तिथूनच ओरडली, "आजोबा, सावलीतले दगडसुद्धा उजळलेत!" एका भिंतीवर पडलेले ऊन समोरच्या भिंतीवर उमटत होते आणि ऊन न लागलेला दगड निखाऱ्यासारखा दिसत होता.

अण्णा मुलाजवळ जाऊन उभे राहिले. "महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं. जीपही सांगितली होती. त्या सकाळी हळद तेजीत गेली."

मुलगा वळला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

"तू बूट घालून दुपारपर्यंत जिन्यात बसला होतास."

"तुम्हाला आठवतं, अण्णा?"

"वहीत लिहिलं नव्हतं, म्हणून विसरेन का?"

मुलगा काही वेळ सुळक्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आईनं समजूत घातली होती, पुढच्या वर्षी नक्की जाऊ म्हणून." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण तो विसरलेलाही नव्हता. अण्णांनी मान हलवली. व्यापारात शिल्लक पुढच्या पानावर ओढता येते. मुलाचे दहावे वर्ष ओढता येत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी घड्याळाची किल्ली बाहेर ओढली आणि काटा सावकाश तासभर पुढे नेला. तेवढ्यात नातीने कॅमेरा उचलला.

सहलीत सुमारे दोन हजार फोटो निघाले. अण्णांनी एकच छापून मागितला: सुरकुतलेला हात, किल्लीवर बोटे, मागे पुसट नारिंगी सुळके.

एप्रिलच्या अखेरीस ते सांगलीला परतले. बाजार तेजीत होता आणि पुतण्याच्या मुलांना सुट्टी लागली होती. अण्णांनी पुतण्याला सहकुटुंब चार दिवस महाबळेश्वरला पाठवले. तो जाताना भावाची काळजी करू लागला, तेव्हा ते म्हणाले, "पेढी मी बघतो. तू निघ, मुलं बूट घालून बसलीत."