टोगोचे जहाज

आमच्या दिवाळीच्या किल्ल्यात एक ऐतिहासिक चूक दरवर्षी न चुकता होत असे. माथ्यावर शिवाजी महाराज, पायऱ्यांवर मावळे, गुहेत एक वाघ, इथपर्यंत सारे रीतीप्रमाणे, पण खाली खंदकात आजोबा कागदाची एक बोट सोडीत आणि म्हणत, "हे टोगोचे जहाज." महाराजांच्या खंदकात जपानी आरमार कसे, हे विचारण्याची आमची छाती नव्हती. बोट भिजून कलंडली की आम्ही नवी करायला धावत असू. आजोबा ते करू देत नसत. तीच बोट हलक्या हाताने उचलून ओट्यावर उन्हात वाळत घालीत. आजोबा भारी चिक्कू, असे आम्हां पोरांचे एकमत होते.

१९०५ साली आजोबा दहा वर्षांचे होते. साताऱ्याकडच्या आमच्या गावी 'केसरी' येई आणि शाळेचे मास्तर तो चावडीवर मोठ्याने वाचून दाखवीत. एवढ्याशा जपानने रशियाच्या झारचे आरमार बुडविले, ही बातमी आजोबांनी तिथेच ऐकली. आशियातल्या माणसाने गोऱ्या बादशहाला लोळविले! आजोबा सांगत, त्या दिवशी चावडीवरून घरी येताना प्रत्येक जण जरा ताठ चालत होता. सेनापती टोगो आणि त्याचे जहाज 'मिकासा', ही दोन नावे त्यांनी जन्मभर जपली.

गेल्या वर्षी मुलाकडे योकोहामाला जाण्याचा योग आला. तिथून योकोसुका जवळच. मुलगा म्हणाला, "बाबा, चला, पणजोबांचे जहाज दाखवतो."

जहाज पाहिले आणि मला हसूच आले. ते पाण्यात नव्हतेच! काठाशी काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले. समोर टोगोचा पुतळा, नाकाडावर राजघराण्याचे सोनेरी शेवंतीचे फूल. कोणी थोर पोराने मांडलेला किल्लाच जणू.

या जपानी अभिमानाचा जन्म मात्र इंग्लंडातला. बॅरो गावच्या विकर्स कारखान्यात ते बांधले, १९०० साली पाण्यात सोडले आणि १९०२ साली जपानच्या हवाली केले. पंधरा हजार टनांचे धूड, बारा इंची चार तोफा. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत टोगोने शत्रूच्या तोफांसमोरच आपली रांग वळविली. रांगेत पहिली 'मिकासा'; साहजिकच मार तिलाच जास्त. चाळीसएक गोळे खाऊनही ती तरली. रशियाची चार हजारांहून अधिक माणसे बुडाली वा मेली. जपानच्या साऱ्या आरमाराची सव्वाशेच्या आत. जिथे टोगो उभा होता ती जागा वरच्या उघड्या मचाणावर दाखविली आहे. मी तिथे दोन मिनिटे उभा राहिलो. आजोबांच्या वतीने जरा ताठच.

आजोबांची गोष्ट इथे संपत असे. जहाजाची संपत नाही.

५ सप्टेंबरला तह झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, रात्री, सासेबोच्या बंदरात नांगरून ठेवलेल्या 'मिकासा'ला आग लागली, दारूकोठाराचा स्फोट झाला आणि जहाज उभ्या जागी बुडाले. टोगो जहाजावर नव्हता. अडीचशेहून अधिक खलाशी गेले. त्सुशिमाला साऱ्या आरमाराची मिळून जेवढी माणसे पडली, त्यांच्या दुपटीहून जास्त. तीही तहानंतर, आपल्याच बंदरात.

मी हे सांगितले तेव्हा आमची ही कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "अहो, म्हणजे त्यांच्या आयांना तहाची बातमी कळली असेल, नाही? पोर वाचले म्हणून देवापुढे दिवाही लावला असेल."

मला उत्तर सुचले नाही.

पुढे १९०६ साली ते जहाज वर काढले, १९०८ साली पुन्हा आरमारात घेतले. दरम्यान जपानही बदलत गेला. ज्याच्या विजयाने आमची चावडी ताठ झाली होती, त्यानेच १९१० साली कोरिया गिळला. १९२२च्या वॉशिंग्टन कराराने 'मिकासा' मोडीत निघायची, पण पुन्हा तरंगणार नाही अशी रोवून स्मारक म्हणून ठेवायला इतर राष्ट्रांनी संमती दिली. १९२६ साली ते स्मारक झाले. दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर तोफा काढून नेल्या आणि डेकवर नाचघर व मत्स्यालय आले. शेवटी १९५५ साली त्या बॅरो गावच्याच एका माणसाने तिच्या दुर्दशेबद्दल जपानमधल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. जपानशी लढलेला अमेरिकेचा सेनापती निमित्झ पाठीशी उभा राहिला आणि १९६१ साली जहाज पुन्हा सजले. जिंकलेल्यांचे जहाज हरविणाऱ्याने वाचविले!

परतीच्या गाडीत मात्र हिचा तो दिवा मनातून जाईना. आमच्या माजघरात एक पिवळट फोटो असे. आजोबांचे धाकटे भाऊ, पलटणीच्या वेषात. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात लढले, साधा ओरखडाही न लागता १९१८ साली दिवाळीच्या आठ दिवस आधी रजेवर घरी आले, आणि चौथ्या दिवशी मानमोडीच्या तापाने गेले. हे मला आईने सांगितले. आजोबा त्यांच्याविषयी कधी बोलले नाहीत. त्सुशिमा शंभरदा सांगितली. सासेबो त्यांना ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे.

यंदा गच्चीत नातवाने किल्ला केला आहे. खंदकात मी कागदाची बोट सोडली. संध्याकाळी ती भिजून आडवी झाली, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, नवीन करू?"

"नको," मी म्हणालो, आणि तीच उचलून कठड्यावर वाळत घातली. त्याने माझ्याकडे पाहिले. आजोबा भारी चिक्कू, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आले.