पोते बदला, दाणा दळू नका

तुमच्या घरी जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल, नाही तर चकती तरी असेलच. ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली, डांबराच्या गोळ्यांशेजारी ती पडून असेल. आज हातातले काम घटकाभर बाजूला ठेवा आणि माझी चूक ऐका. तुमच्या हातून ती होऊ नये, एवढ्याचसाठी लिहिते आहे.

माझे लग्न १९९३ च्या वैशाखात झाले. वडिलांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, हौसेने व्हिडिओवाला सांगितला होता. १९९८ साली आण्णा गेले. त्यांचे फोटो दोनच. दोन्हींत ते ताठ बसलेले, ओठ मिटलेले. चालते-बोलते आण्णा होते ते फक्त त्या कॅसेटमध्ये. पंगतीत बुंदीची परात घेऊन फिरणारे, "पाव्हणं, लाजू नका" म्हणणारे. आणि शेवटी, माझी पाठवणी करताना, उपरण्याने डोळे पुसत मला काहीतरी सांगणारे.

२००८ साली तालुक्याच्या गावी एका दुकानातून आम्ही तिची डीव्हीडी करून आणली. कॅसेट पुन्हा ट्रंकेत गेली आणि चार पावसाळ्यांत तिच्या फितीवर पांढरी बुरशी धरली. बुरशीची फीत यंत्रात घालू नये. फीतही जाते आणि यंत्रही खराब होते. पण डीव्हीडी होती, म्हणून काळजी वाटली नाही.

२०१४ साली पुतण्याने तेच लग्न लहान करून मोबाईलमध्ये घालून दिले. मग ते एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवले. त्याच वर्षी रब्बीच्या ज्वारीवर पाखरे फार उतरली. आमच्या यांनी जुन्या चमकत्या चकत्या मागितल्या, काठ्यांना बांधायला. मीच काढून दिल्या. लग्न आता मोबाईलमध्ये आहे, मग चकती कशाला, असे मनात म्हणाले.

पुढे २०२४ साली धाकटीचे लग्न ठरले. हळदीच्या रात्री मोठ्या पडद्यावर आजोबा दाखवायचे, असा तिचा हट्ट. थोरल्याने मोबाईलमधला व्हिडिओ लावून पाहिला. पडद्यावर नुसत्या चौकटीच चौकटी. आण्णांच्या डोळ्यांच्या जागी दोन करडे ठिपके, आणि आवाज तर घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा.

असे का झाले, ते थोरल्याने मला माझ्याच भाषेत समजावले. व्हिडिओची फाईल म्हणजे पोते. एव्हीआय, एमपीफोर, एमकेव्ही ही नावे पोत्याची. आतला दाणा वेगळा. चित्र आणि आवाज कोणत्या रीतीने दाबून भरले आहेत, त्या रीतीला एमपीईजी-२, एच.२६४ अशी नावे आहेत. चित्र दाबताना संगणक काय करतो? मागची भिंत हलत नसेल, तर ती पुन्हा पुन्हा लिहीत नाही, हलते तेवढेच लिहितो. शिवाय डोळ्याला सहसा कळणार नाही असे बारकावे टाकून देतो. टाकलेले परत येत नाही.

आता बघा. ज्वारी एका पोत्यातून दुसऱ्यात ओतली, तर दाणा तोच राहतो. पण दळायला नेली, तर दर दळणाला मूठभर पीठ गिरणीत राहतेच. आमचे लग्न पुतण्याने एकदा दळले. मग मोबाईलवरून निरोप पाठवायच्या ॲपने दर वेळी व्हिडिओ आणखी दाबून पाठवला. शेवटी हाती राहिला तो कोंडा.

मग चकतीचा शोध सुरू झाला. त्या हंगामानंतर सगळ्या चकत्या एका सुतळीत ओवून गोठ्यातल्या खुंटीला टांगल्या होत्या. वरची निळी शाई विटली होती, पण माझे नाव वाचता येत होते. धुऊन, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली आणि संगणकात घातली. रात्रभर संगणक घरघरत होता. सकाळपर्यंत दोन तृतीयांश लग्न वाचून झाले होते. पुढचे निघेना. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, आणि आमच्या चकतीची कड काठीवर घासून गेलेली. जे वाचले त्यात बुंदीची परात आहे. पाठवणी नाही.

ज्यांची चकती अजून शाबूत आहे, त्यांनी एवढे करावे. आधी चकतीतल्या सगळ्या फायली जशाच्या तशा संगणकात उतरवून घ्याव्यात. त्या व्हीओबी नावाच्या, एकेक जीबीपर्यंतच्या तुकड्यांत असतात. तेच आपले बियाणे. त्याला हात लावू नये. नुसते पोते बदलायचे असेल, तर एफएफएमपेग नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्याला 'कॉपी' करायला सांगितले की तो दाणा न दळता एमकेव्हीच्या पोत्यात ओततो. काही मिनिटांत होते, आणि चित्रात तसूभर फरक पडत नाही.

मोबाईलवर ते चालले नाही, तर दळावे लागेल. पण एकदाच दळावे, आणि तेही मुळातल्या फायलीवरून. दळलेल्यावरून पुन्हा दळू नये. त्यासाठी हँडब्रेक हा प्रोग्रॅम, तोही फुकट. त्यात दर्जाचा आकडा असतो. तो १८ ते २० ठेवावा. आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाईल मोठी. जागा वाचवायला तो वाढवू नये. डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते. ते उगाच मोठे करू नये, त्याने नवे काही दिसत नाही. हलत्या हातापायांवर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर 'डीइंटरलेस' ही खूण करावी. आणि नातेवाइकांना पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे तो वाटेत दाबला जात नाही.

दुकानात काम द्यायचे असेल, तर "लहान करून द्या" असे म्हणू नका. "मूळ फाईल द्या आणि मोबाईलसाठी वेगळी द्या" असे म्हणा. पैसे देण्याआधी तिथेच सुरुवात, मध्य आणि शेवट लावून बघा. बियाण्याच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. एक तुमच्याकडे, एक भावाकडे नाही तर लेकीकडे. आणि नवी प्रत हातात आली म्हणून जुनी टाकू नका. हे मी सांगावे, यात माझीच लाज आहे; पण सांगते.

हळदीच्या रात्री मांडवात आण्णा परात घेऊन फिरले. पाहुण्यांतली म्हातारी माणसे हसली, दोन-तीन रडली. नातवंडांनी त्यांना पहिल्यांदा चालताना पाहिले. पाठवणीचे तुकडे मात्र त्या चौकट्यांतच राहिले आहेत. आण्णांचे ओठ हललेले कळतात, शब्द लागत नाहीत.

ते काय म्हणाले होते, ते मला पाठ आहे. माझ्या लेकीला मात्र ते माझ्या तोंडूनच ऐकावे लागते.