उजव्या बाजूची वाटी

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना स्पर्श नीटसा कळेनासा झाला आहे. मधुमेहाचा हा परिणाम असल्याचे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा घरच्या मंडळींना चिंता वाटली ती पायाला नकळत जखम होण्याची. माझ्या मनात मात्र पहिला विचार आला तो आट्यांचा. कारण जिच्यावरचा बिल्ला गहाळ झाला आहे, जिचा मूळ रंग तीन रंगांखाली गाडला गेला आहे आणि जिच्या अंगावरील प्रत्येक भाग निरनिराळ्या सायकलींवरून उपटून आणलेला आहे, अशा सायकलीचे कुळ सांगताना मी पन्नास वर्षे डोळ्यांपेक्षा नखावर अधिक भिस्त ठेवली. आट्यांवरून नख फिरवावे आणि इंचाला 24 आहेत की 26, हे मापकाला हात न लावता सांगावे, ही माझी मिजास होती, आणि जुन्या बाजारात चार माणसे भोवती जमली असता ती दाखविण्याची एकही संधी मी दवडलेली नाही.

आमचे घर पुण्याच्या कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार तेथून पायी जाण्याजोगा. एका काळी हे शहर सायकलींचे होते, आणि त्या सायकली मरताना बहुधा त्याच बाजारात मरत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून नदी पेठांत शिरली, त्या गाळात बुडून निघालेल्या कित्येक सायकलींच्या नळ्यांच्या पोटातून वाळलेली माती मी पुढे पुष्कळ वर्षे खरवडून काढली आहे. विलायती सायकल ओळखणे हे काम एरवी अवघड नव्हे. पुढच्या दातेरी चक्रात बगळ्याची मुंडकी कोरलेली दिसली की रॅले, पाच माणसे दिसली की हंबर, उघडा पंजा दिसला की रज, आणि बी. एस. ए.ची तर अक्षरेच. हे रस्त्याच्या पलीकडून पोरालाही सांगता येते. पण 1950 नंतरच्या दशकात आसनसोलजवळच्या सेन-रॅले कारखान्यातून येथेच बनलेल्या रॅले आणि हंबर बाहेर पडू लागल्या, आणि तेव्हापासून बगळ्याची जबानी एकट्याने ग्राह्य धरता येईना. मागच्या हबवर ठोकलेले साल पाहावे, तर हब चाकाबरोबर बदलते. सायकलीतील जे बदलत नाही आणि कोणी सहसा उघडतही नाही, ते म्हणजे पायडलांचा दांडा ज्यातून जातो ते आडवे नळकांडे. म्हणून माझा सारा विश्वास त्या नळकांड्यावर आणि त्याच्या दोन टोकांना आट्यांनी बसविलेल्या दोन वाट्यांवर.

1983 साली एक वयस्क गृहस्थ अशीच एक बिनबिल्ल्याची फ्रेम घेऊन माझ्या ओट्यावर आले. तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत भाग घेतलेले, बोरघाटाविषयी बोलू लागले की आवाज बदलणारे. फ्रेम हलकी होती, सांध्यांची टोके निमुळती घासलेली होती. परंतु चिमट्यापासून पायडलांपर्यंत अंगावर जे जे होते ते इंग्रजी होते. गृहस्थ म्हणाले, ही इटालियन आहे, मुंबईच्या बंदरात एका खलाशाकडून घेतली. अशा खलाशांच्या कथा मी तोपर्यंत इतक्या ऐकल्या होत्या की तो शब्द कानी पडताच माझा अर्धा फैसला होऊन गेला. डावी वाटी काढली, नख फिरवले : 24. रॅले स्वतःचे आटे 26 चे ठेवी, सबब ही रॅले नव्हे, इंग्लंडातील दुसऱ्या कोणाची. उजवी वाटी काही केल्या निघेना. इंग्रजी सायकलीत या बाजूचे आटे उलटे असतात, वाटी काढायची तर प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवावी लागते. मी ती तशी फिरवली, घासलेट सोडले, पान्यावर हातोडा मारला, आणि ती जागची हलली नाही तेव्हा पानशेतच्या गाळाला दोष देऊन निकाल सांगितला. भंगाराच्या भावापेक्षा थोडे अधिक देऊन मी ती ठेवून घेतली. ते निमूटपणे गेले. जाताना त्यांनी फ्रेमच्या वरच्या नळीवरून हात फिरविला होता, हे मला मुद्दाम आठवावे लागत नाही.

आता कबुली द्यावयाची ती याच्यापुढची. त्या नळकांड्याची रुंदी मी मोजली होती. ती 70 मिलिमीटर भरली. इंग्रजी माप 68. हे दोन मिलिमीटर कोठून आले, हा प्रश्न मला पडला होता. इतकेच नव्हे, तर माझ्या वहीत त्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि नंतर वेगळ्या शाईने लिहिलेले उत्तरही आहे : ‘रंगाचे थर’. वास्तविक दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर जाडीचा लेप कसब्याच्या गणपतीच्या शेंदरालाच शोभावा. इटलीत नळकांडे 70 चे असते, आटे तेथेही इंचाला 24 च असतात, परंतु व्यास 36 मिलिमीटर, इंग्रजीपेक्षा सव्वा मिलिमीटरने मोठा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. हे मला 1983 सालीही ठाऊक होते. व्यास मात्र मी मोजला नाही. जे नखाने कळत नव्हते ते मोजण्याची मला गरज वाटत नव्हती.

या छंदात पुढे जी मंडळी आली त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. जुनी सायकल मिळाली की तिला आरशासारखे क्रोम चढवायचे, बाजारातून नवी छापील अक्षरे आणून चिकटवायची, आणि मग एखाद्या उपाहारगृहाच्या दाराशी तिच्या टोपलीत कागदी फुले घालून तिला उभी करायची, हा प्रकार मला सती जाणाऱ्या बाईला शालू नेसविण्यासारखा वाटतो. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी 2017 साली सायकलींचे संग्रहालय उघडले, ते मात्र मी तीनदा पाहून आलो, तेथील बी. एस. ए.ची छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली घडीची सायकल पाहून मला आनंद झाला, असे मी घरी सांगितले. झाला तो मत्सर होता. वस्तुसंग्रहालय उभारणाऱ्या केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवून शेवटी सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला, ते औदार्य माझ्या अंगी नाही. माझ्या सायकली मी नातवालाही पुसू देत नाही.

अपवाद केला तो शेजारच्या बिऱ्हाडातील नातीचा, आणि तोही बोटे निकामी झाल्यावर. नदीपलीकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी ही मुलगी गेल्या दिवाळीपासून रविवारी येते, मी सांगतो आणि ती हात काळे करते. माघातल्या एका रविवारी ती फ्रेम खुंटीवरून खाली काढली. हिला उजवी वाटी आहे, पण ती निघत नाही, तिचा नाद सोड, असे मी बजावले. तिने नळकांड्याला मापक लावला आणि काही बोलली नाही. मग विचारले, “आजोबा, तुम्ही ही कुठल्या बाजूला फिरवत होता?”

मी हात हवेत फिरवून दाखविला.

“आणि उलट?”

उलट कशाला फिरवायची, हे मी तिला समजावून देऊ लागलो. माझे वाक्य पुरे होण्यापूर्वी तिने पाना लावून त्यावर पाऊल दिले. करकर असा एक लांबट आवाज झाला, तांबट आळीत पत्रा कापताना होतो तसा, आणि चाळीस वर्षे जिला मी आपल्या हाताने घट्ट करीत आलो होतो ती वाटी अर्धा वेढा सुटून आली. पुढचे तिने बोटांनीच काढले. आत जुन्या वंगणाचा काळा डिंक, त्यात रुतलेले छर्रे. गाळाचा कणही नव्हता. मी वाटी हातात घेतली, सवयीने आट्यांवरून अंगठ्याचे नख फिरविले, आणि मला काहीच कळले नाही.

मग चिमटा काढला. त्याच्या उभ्या नळीच्या बुडाशी, गंजाखाली, एक बारीकसे कबुतर ठोकलेले निघाले. मिलानच्या कोलंबस कारखान्याची ही खूण. नळ्या करणाऱ्या घराण्याचे आडनाव कोलंबो, आणि इटालियन भाषेत कबुतराचे नाव त्याच्याच जवळचे. चिमटा इंग्रजी, हाही माझाच निकाल होता. कोलंबसच्या नळ्या इंग्लंडातील कारागीरही वापरीत, तेव्हा नुसत्या कबुतरावर विसंबून चालणार नाही, एवढे मी तिला सांगितले. ते बरोबरही होते, पण ज्या घाईने सांगितले ती घाई ज्ञानाची नव्हती. फ्रेम कोणाची, हे अद्याप ठरलेले नाही. बियांकी म्हणावे असे काही तिच्यात दिसत नाही. पुसट अक्षरांचा एक ठसा बैठकीच्या सांध्यावर आहे, आणि त्यावरचा रंग तिने अजून काढलेला नाही, कारण मी काढू दिलेला नाही. ते गृहस्थ मागेच वारले. त्यांच्या घरी जाऊन यावे असे ठरवून मी दोनदा फडके हौदापर्यंत गेलो आणि भाजी घेऊन परत आलो.

वहीत दुरुस्ती करणे भाग होते. सरकारी दप्तरात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाची वही. तीत क्रमांक, आवक तारीख, वर्णन, निर्णय, शेरा आणि तपासणाराची सही असे रकाने आखलेले आहेत. ‘इंग्लिश, कारखाना अज्ञात’ या शब्दांवर मी तांबड्या शाईने रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिले : ‘पुनर्तपासणीअंती सदर फ्रेम इटालियन बनावटीची असल्याचे आढळून आले.’ मुलगी खांद्यावरून वाचत होती.

“आढळून आलं? कोणाला?”

मी शाई वाळण्याची वाट पाहत आहे असे दाखविले. त्या ओळीपुढच्या सहीच्या रकान्यात 1983 सालची एक सही आहे, आणि तिच्याखाली यंदाची दुसरी. दोन्ही माझ्याच.