विष्णुपुरांतील चार दिवस

प्रवासास निघालेली मंडळी बहुधा यादी घेऊन निघतात आणि यादी संपली कीं प्रवास झाला असें समजतात. आम्हीं उभयतांनीं निराळा बेत केला. बंगालमध्यें जावयाचें, पण एकाच लहान गांवीं राहावयाचें आणि पायीं जेवढें दिसेल तेवढेंच पाहावयाचें. गांव निवडलें तें बांकुडा जिल्ह्यांतील विष्णुपूर.

येथील माती आपल्या कोंकणच्या मातीसारखी तांबडी, आणि दगडही जांभाच. सभोंवार भाताचीं खाचरें, शालवृक्षांचीं रानें आणि मल्ल राजांनीं खोदविलेले विस्तीर्ण तलाव. या तलावांस येथें ‘बांध’ म्हणतात. बंगालच्या गाळाच्या भूमींत चांगला दगड दुर्मिळ; म्हणून कारागिरांनीं मातीलाच दगडाची योग्यता आणिली. वीर हंबीर राजानें बांधविलेला रासमंच सुमारें १६०० सालचा, श्यामरायाचें पंचशिखरी देऊळ १६४३ चें आणि जोडबांगला १६५५ चें. जोडबांगला म्हणजे जणुं एकमेकींस बिलगलेल्या दोन बंगाली झोपड्याच. भाजलेल्या मातीच्या फरशांवर रामायण-महाभारतांतील प्रसंग, कृष्णलीला, नौका, शिकारी यांचीं चित्रें इतकीं दाट कीं, एका भिंतीपुढें आमची सबंध सकाळ गेली.

तिसऱ्या दिवशीं ‘दलमादल’ तोफ पाहिली. लोखंडाची ही तोफ बारा फुटांहून अधिक लांब आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या भास्करपंत कोल्हटकरांची फौज विष्णुपुरावर चालून आली तेव्हां ग्रामदैवत मदनमोहनानें स्वतः ही तोफ डागून तिला पिटाळलें, अशी येथील श्रद्धा.

त्या रात्रीं ज्यांच्या घरीं उतरलों होतों त्या वृद्ध बाईंनीं भात वाढतां वाढतां आमचा मुलूख विचारला. महाराष्ट्र म्हणतांच त्या हंसून म्हणाल्या, “म्हणजे बर्गींच्या देशचे!” ‘बर्गी’ हें आपल्या ‘बारगीर’ शब्दाचें बंगाली रूप, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. मूल निजवितांना बर्गींची आठवण देणारें अंगाईगीत बंगालमध्यें अजून गातात. बाईंच्या स्वरांत राग नव्हता. त्यांनीं आग्रहानें आणखी भात वाढला. पण आमचा घांस क्षणभर अडखळला.

आम्ही शाळेंत शिकलों तें चौथाईचें राजकारण, १७४४ सालीं अलिवर्दीखानानें भास्करपंतांचा दग्यानें केलेला वध आणि १७५१ च्या तहानें ठरलेली बारा लाखांची चौथाई. तें सारें खरेंच. परंतु १७४२ पासूनच्या त्या नऊ वर्षांत गांवें जळालीं, विणकर व शेतकरी घरें सोडून परागंदा झाले, हेंही तितकेंच खरें. विजयाची नोंद दप्तरांत राहिली. भयाची नोंद आयांच्या गाण्यांत. मोटारीनें दोन तासांत गांव पाहून परतलों असतों, तर तोफ दिसली असती, पण ही दुसरी नोंद कानीं पडली नसती.

वाचकांपैकीं कोणी जाणार असतील त्यांनीं थंडींत जावें. हावड्याहून विष्णुपुरास थेट आगगाडी आहे. जवळच्या पांचमुडा गांवीं कुंभार उंच मानेचे, ताठ कानांचे मातीचे घोडे घडवितात. त्यांतील एक अवश्य घरीं आणावा. मुलें त्याच्याभोंवतीं जमलीं म्हणजे त्यांस बारगिराची गोष्ट सांगावी. मात्र ती दोन्ही बाजूंनीं सांगावी.