घरट्यांचा ऋतू

उन्हाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतात तापलेल्या वाटा, तळ गाठलेल्या विहिरी आणि लग्नसराईची धावपळ. वसईच्या वाड्यांतून राहणाऱ्या माणसाला हा ऋतू आंब्या-फणसांचा, मोगऱ्याचा आणि मे महिन्यात क्रुसांपुढे म्हटल्या जाणाऱ्या जपमाळेचा म्हणूनही प्रिय आहे. परंतु या ऋतूचे आणखी एक रूप आहे आणि ते सहसा आपल्या दृष्टीस पडत नाही. फाल्गुन सरून चैत्र लागला की आपल्या डोक्यावर, पानांच्या आड, संसारांची मोठी लगबग सुरू होते. आपल्या परिसरातील कितीतरी पक्ष्यांच्या विणीचा हाच हंगाम. आणि नेमक्या याच महिन्यांत पावसाळ्यापूर्वीची तयारी म्हणून आपण फांद्या छाटतो, वाड्या साफ करतो, बांधकामासाठी जागा मोकळी करून घेतो. घरटी बांधण्याचा आणि झाडे तोडण्याचा हंगाम एकच असावा, हा योगायोग फारसा सुखद नव्हे. त्याविषयीच आज थोडे लिहावेसे वाटते.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने पाखरांचे उदाहरण दिले. त्या वचनावर मी अनेकदा प्रवचन केले आहे आणि इतरांची प्रवचने ऐकलीही आहेत. बहुधा आम्ही सारेच चिंता न करण्याच्या उपदेशाकडे लगेच वळतो आणि पाखरांना मागे सोडून देतो. सेमिनरीत ग्रीक भाषेचा अभ्यास करताना ध्यानात आले, की मत्तयाने येथे योजलेले क्रियापद नुसत्या पाहण्याचे नाही. निरखून पाहण्याचे आहे. लूकने त्याच ठिकाणी मनन करण्याच्या अर्थाचा शब्द घातला आहे आणि पाखरांऐवजी स्पष्ट नाव घेतले आहे ते कावळ्यांचे. लेवीय ग्रंथात ज्याची गणना अशुद्ध पक्ष्यांत झाली, तोच पक्षी प्रभूने पित्याच्या काळजीचा दाखला म्हणून निवडावा, हे विशेष. तात्पर्य, निरखणे ही आधीची आज्ञा आहे आणि निश्चिंत होणे हे तिचे फळ आहे.

ही आज्ञा आपल्यापुरती पाळावी म्हणून काही वर्षांपूर्वी सकाळच्या मिस्सानंतर अर्धा तास चर्चच्या आवारात आणि मागच्या वाडीत फिरण्याचा मी नेम धरला. जवळ एक साधी दुर्बीण आणि दोनशे पानी वही. नावे जुळविण्यासाठी डॉ. सालिम अली यांचे १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणि मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’. एवढ्या सामग्रीवर जे दिसले, ते कोणाही धर्मग्रामस्थाला आपल्या अंगणातून दिसण्यासारखे आहे.

उन्हाळ्याच्या आरंभीच्या नोंदी निरोपाच्या असतात. हिवाळाभर आवारातल्या मोकळ्या जागेत शेपटी खालीवर हलवीत फिरणारा धोबी एप्रिलमध्ये केव्हातरी दिसेनासा होतो. पांगाऱ्याच्या आणि सावरीच्या लाल फुलांवर कलकलाट करणाऱ्या भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे मध्य आशियाच्या वाटेला लागतात. खाडीकाठच्या चिखलात चोच खुपसणारे तुतवारही उत्तरेकडे निघतात. आपल्या वेळा आणि वाटा ते अचूक ओळखतात. यिर्मया संदेष्ट्याने आठव्या अध्यायात हाच विषय काढला आहे. आकाशातील करकोच्याला आपला ऋतू कळतो, पण देवाच्या प्रजेला मात्र देवाचे विधान कळत नाही, असा त्याचा विषाद आहे. तो पवित्र भूमीत राहत होता आणि स्थलांतर करणाऱ्या पाखरांचे थवे त्या भूमीवरून आजही जातात. संदेष्टेही वर मान करून पाहत असत, याचा हा पुरावाच म्हणावयाचा.

पाहुणे गेले की घरच्यांची पाळी. कोकिळ हिवाळ्यातही आपल्याकडेच असतो, मात्र मुका. उपवासकाळ संपत येतो तसा त्याला कंठ फुटतो आणि ईस्टरच्या पहाटविधीला त्याची साथ हमखास लाभते. कवींनी गाण्याचा मान कोकिळेला दिला असला, तरी गातो तो काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. ठिपकेदार तपकिरी मादी तुटक ओरडते आणि संधी साधून कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. आपण कोकिळेला लबाड ठरवून मोकळे होतो. मला मात्र अधिक विचार करावासा वाटतो तो कावळ्याचा. पावसाच्या तोंडावर, अंगाने मोठे झालेले परक्याचे पिल्लू पंख थरथरवीत तोंड उघडते आणि कावळी आपल्या चोचीतला घास त्याच्या तोंडात घालते. एलिया संदेष्ट्याला ओहोळाकाठी भाकर आणून देणारेही कावळेच होते, हे अशा वेळी आठवते.

दुपारी सारे निपचित पडले असताना ‘टुक्‌ टुक्‌’ असा एकसुरी ठोका ऐकू येतो, तो तांबटाचा. तांब्याची भांडी घडविणाऱ्या कारागिरावरून त्याला हे नाव पडले. तो चोच मिटून ओरडतो, गळ्याचा पिवळा भाग तेवढा फुगतो. आणि ओरडताना मान फिरवीत असल्याने आवाज कोणत्या दिशेने येतो याचा पत्ता लागत नाही. हा हिरवा पक्षी चिमणीएवढाच असतो. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत चोचीने गोल भोक कोरून तो घर करतो. आपल्या लेखी वाळकी फांदी म्हणजे सरपण. तिच्यात कोणाचा पाळणा असू शकेल, ही कल्पनाही आपल्याला शिवत नाही.

बावखलाच्या काठी निराळेच दृश्य असते. एरवी मातकट रंगाचा, उभा राहिला तर ओळखू न येणारा वंचक बगळा उन्हाळ्यात पाठीवर तांबूस किरमिजी वस्त्र पांघरतो. उघड्या माळावर टिटवी खड्यांच्या वर्तुळात बहुधा चार अंडी घालते. या दिवसांत तिची अडचण अंडी उबविण्याची नसून ती उन्हात भाजू न देण्याची असते. भर दुपारी ती त्यांच्यावर उभी राहून अंगाची सावली धरते, पाण्यात पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. त्यासाठी पाणी जवळ हवे. आपल्या वाडवडिलांनी खणलेली बावखले शेतीला पाणी देत आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवून भोवतालच्या विहिरींची गोडी राखीत. त्यांतील पुष्कळ आता भरावाखाली गेली आहेत. बावखल बुजले म्हणजे विहीर खारावण्याचे भय आले, एवढे आपल्याला कळते. टिटवीचे काय झाले, हे विचारायला कोणी येत नाही.

या साऱ्यांत मनाला अधिक भिडलेली नोंद गेल्या उन्हाळ्यातील आहे. आमच्या चर्चच्या उजव्या अंगाला एक रायवळ आंबा आहे. घंटाघराहून तो जुना, असे वृद्ध मंडळी सांगतात. त्याच्या खोडाला उंचावर एक ढोली आहे. मार्चमध्ये तेथे राखी धनेशाची जोडी वारंवार येऊ लागली. मोठ्या वाकड्या चोचीच्या या पक्ष्याची रीत विलक्षण आहे. मादी ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेने दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत ती अंडी घालते, तिची उडण्याची पिसे गळून पडतात, आणि आठवडेच्या आठवडे ती आणि पुढे तिची पिल्ले पूर्णपणे नराने आणलेल्या घासावर जगतात. नर वडा-उंबराची फळे पोटात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून आत देतो. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. ती त्याला तयार मिळावी लागते, आणि अशी ढोली जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातच सापडते. म्हणूनच जोडी वर्षानुवर्षे त्याच ढोलीकडे परतते.

त्याच सुमारास पॅरिश कौन्सिलपुढे तो आंबा काढण्याचा विषय आला. मांडणी करणाऱ्या तरुणाचे म्हणणे वावगे नव्हते. रविवारी वाहने ठेवायला जागा पुरत नाही, लग्नाच्या मांडवाला अडचण होते, आणि एक मोठी फांदी वाटेवर झुकलेली आहे. पावसाळ्यात ती एखाद्या मुलावर पडली तर उत्तर कोणी द्यायचे? मी कायद्याची बाजू सांगितली. शहरी भागात झाड तोडायचे तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच धरले आहे. सर्वांनी ऐकून घेतले. परंतु कायद्याने माणूस थांबतो. त्याचे मन वळतेच असे नाही.

मन वळविले ते वेदीवर फुले मांडणाऱ्या एका वयस्क मावशींनी. त्या कौन्सिलच्या सभासद नाहीत. चहा घेऊन आल्या होत्या, तेवढ्यात विषय त्यांच्या कानी पडला. “फादर, ती आत बाळंतीण आहे ना?” त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. “मग बाळंतिणीला घराबाहेर काढतात होय? पोरे उडून जाऊ द्या, मग काय ते बघा.” एवढे बोलून त्या कपबशा गोळा करू लागल्या. सभा क्षणभर निःशब्द झाली. अखेर ठरले, की पिल्ले बाहेर पडेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, धोक्याच्या फांदीखाली दोरी बांधून ये-जा बंद ठेवायची आणि नंतर रीतसर परवानगी घेऊन तेवढीच फांदी उतरवायची. विषय कायमचा मिटला असे मी म्हणणार नाही. वाहने दरवर्षी वाढत आहेत. तो पुन्हा येईल.

मावशींनी अनुवाद ग्रंथाचा बाविसावा अध्याय वाचला असेल किंवा नसेल. वाटेत घरटे आढळले आणि पक्षीण अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर तिला मोकळे सोडावे, असा नियम तेथे दिला आहे; आणि त्याला जोडलेले वरदान आहे ते सुखाचे आणि दीर्घायुष्याचे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही असेच वरदान जोडलेले आहे. जुन्या करारात घरट्यातल्या आईला हे स्थान आहे.

मला वाटते, पाखरांविषयीच्या वचनाचा मर्मार्थ येथे सापडतो. स्वर्गीय पिता पाखरांना खाऊ घालतो, पण कशाने? आकाशातून त्यांच्यासाठी मान्ना पडत नाही. वडाच्या फळाने, शेवग्यावरल्या किड्याने, बावखलातल्या बेडकाने तो त्यांना खाऊ घालतो. वड, पिंपळ आणि उंबर यांची निरनिराळी झाडे निरनिराळ्या वेळी फळतात. म्हणून रानात इतर फळांची टंचाई असतानाही आपल्या राज्याचा पक्षी हरियाल, कोकिळ, तांबट, धनेश यांना कोठेतरी पान वाढलेले असते. ते ताट पित्याचे आहे. आपण झाड तोडतो तेव्हा पाखरांच्या पुढ्यातले त्याने वाढलेले ताट ओढून घेतो, आणि पुन्हा रविवारी पित्याच्या पालनाविषयी गीत गातो. पाखरे निश्चिंत असतात याचा अर्थ ती निरुद्योगी असतात असा नाही. धनेशाइतके कष्ट आपल्यापैकी थोडेच उपसत असतील. ती निश्चिंत असतात, कारण ताट आहे या भरवशावर ती जगतात. तो भरवसा मोडण्याचे सामर्थ्य साऱ्या सृष्टीत एका मानवाकडेच आहे.

प्रभूच्या काळी चिमण्यांचा बाजार असे. मत्तय सांगतो, एका दमडीला दोन चिमण्या; लूक सांगतो, दोन दमड्यांना पाच. हिशेब करून पाहिला तर पाचवी चिमणी फुकट, वरकड म्हणून घातलेली. तिलाही पिता विसरत नाही, हेच तर प्रभूचे म्हणणे. अस्सीसीच्या संत फ्रान्सिसने पाखरांना प्रवचन दिले ते याच श्रद्धेने. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्याच स्तुतिगीताच्या शब्दांनी आपल्या परिपत्रकाला ‘लाउदातो सी’ हे नाव दिले. आपल्या वसईत तर ही शिकवण कागदावर राहिलेली नाही. २०२४ साली आपल्यातून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासमवेत रस्त्यावर उतरलेली हजारो माणसे यांनी हरित वसईसाठी लढा दिला, तो येथील पाण्यासाठी आणि झाडांसाठीच.

मोठे लढे सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. फांदी छाटण्याचा प्रसंग मात्र प्रत्येक घराच्या वाट्याला येतो. तेव्हा एवढेच सुचवावेसे वाटते. छाटणी शक्यतो पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर करावी. धोक्याची नसलेली वाळकी फांदी राहू द्यावी. विहिरीच्या कठड्यावर पाण्याचे एक मातीचे भांडे ठेवावे. सुट्टीतल्या मुलांना घरटी दाखवावीत, पण दुरून. आणि कोयता किंवा करवत घेऊन माणूस बोलावण्याआधी घरातल्या कोणीतरी सकाळी दहा मिनिटे त्या झाडाखाली उभे राहून, मान वर करून, निरखून पाहावे. प्रभूने सांगितलेले आहे ते एवढेच. आणि त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.